सुलूने सांगितलं होतं

सुलू पोतनीसला हसू यायच्या आधी तिचा उजवा हात तोंडापाशी जायचा. मी जन्मभर नाटकात काढलेली बाई. माणूस हात कधी उचलतं आणि कशासाठी उचलतं हे बघत राहणं हीच माझी शाळा. त्यामुळे शेजारच्या घरातली नऊ-दहा वर्षांची ही पोर असं का करते, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. तिच्या वरच्या जबड्यात पुढच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचे, दोन्ही बाजूंचे एकेक, असे दोन दात नव्हते. तिथे नुसत्या मोकळ्या जागा होत्या.

मी उज्जैनची नाही. आमची नाटक कंपनी इंदूरच्या मुक्कामात बंद पडली. मॅनेजरने पेटारे विकले, पडदे विकले, आणि ज्यांना गाव होतं ते गावी गेले. मला भाऊ होता, तो इथे बँकेत होता. त्याच्याकडे माधव नगरात आले ती इथलीच झाले. सगळे मला अक्का म्हणू लागले. उरलेली हौस मी इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात भागवली. दर वर्षी एक नाटक बसवायचं, बँकवाल्यांना राजे करायचं आणि रेल्वेवाल्यांना प्रधान, आणि दहा दिवस आपण परत कंपनीत आहोत असं समजायचं.

सुलूचे वडील बापू पोतनीस रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. पण ओळख करून देताना ते रेल्वेपासून सुरुवात करत नसत. आमचे पूर्वज शिंदे सरकारच्या खजिन्यावर होते, इथून सुरुवात व्हायची, आणि रेल्वेपर्यंत यायला वेळ लागायचा. भरघोस मिशा, इस्त्रीची टोपी, चालणं ताठ. माणूस मायाळू होता, हेही सांगते. माझा भाऊ गेला तेव्हा तेरा दिवस माझ्या घरी चूल पेटू दिली नाही त्यांनी. तिन्ही त्रिकाळ डबा त्यांच्याकडून. सुलूची आई शोभा तो डबा स्वतः घेऊन यायची आणि मी चार घास खाल्ल्याशिवाय हलायची नाही. शोभा बोलायची कमी. घरात बापूंचा आवाज एकच पुरेसा होता.

सुलूचे दुधाचे दात पडले तेव्हा शोभाने रीतीप्रमाणे एकेक दात उंदराच्या बिळापाशी ठेवायला लावला होता. माझा जुना घे, तुझा नवा दे. बाकीचे आले, हे दोन आले नाहीत. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, उंदराने दोन दाबून ठेवले गं तुझे. कुणी म्हणायचं, पडली असेल आणि आईला सांगितलं नसेल. कुणी म्हणायचं, गोळ्या-चॉकलेटं खाऊन किडवले. पोरीला हे शेवटचे दोन आरोप फार लागायचे, कारण तिने काही केलंच नव्हतं. न केलेल्या गोष्टीचा जाब तिला रोज द्यावा लागत होता.

माझ्या नाटकांत मी तिला आधी लहान मुलग्यांची कामं दिली, मग म्हाताऱ्यांची. पुढे ती सतरा-अठरा वर्षांची झाल्यावर नायिका दिली. कुणीतरी म्हणालंच, "अक्का, हिरॉइनला दात नकोत का?" मी म्हटलं, शेवटच्या रांगेतून दात दिसत नाहीत, शब्द ऐकू येतो. आणि तिचा शब्द स्वच्छ होता. मोकळ्या जागांतून वारा सुटू न देता 'स' कसा म्हणायचा, ते तिने स्वतः शोधून काढलं होतं, माझ्या स्वयंपाकघरात तासन्‌तास घोकून.

ती कॉलेजात होती त्या वर्षी इंदूरहून दातांच्या डॉक्टरांचं शिबिर आलं. नुसतं औषध देणारं नव्हे. ऋचा नावाची एक तरुण डॉक्टर पुढच्या शिक्षणासाठी अभ्यास करत होती. अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींत जन्मजात दातांचे फरक किती जणांत असतात, हे तिला मोजायचं होतं. मैत्रिणींनी सुलूला ओढत नेलं. संध्याकाळी ती माझ्याकडे आली तेव्हा चपला दारात न काढता तशीच आत आली.

"अक्का, माझे दात पडले नव्हते. किडले पण नव्हते. ते बनलेच नव्हते."

"म्हणजे?"

"म्हणजे आतसुद्धा नाहीत. जबड्यात त्यांचं बी पडलंच नाही असं डॉक्टर म्हणाली. आणि मी एकटी नाही. ती म्हणते, शंभर पोरं बघितली तर पाच-सात जणांचा एखाद-दुसरा दात असा नसतोच. अक्कलदाढा तर ती मोजतसुद्धा नाही."

मग तिने मला सगळा रांगेचा वृत्तांत नक्कल करून दाखवला. एका मुलाच्या पुढच्या दोन दातांच्या मागे तिसरा बारका दात होता, आणि त्याला आजवर वाटत होतं सगळ्यांनाच असतो. एका मुलीचा बाजूचा दात तांदळाच्या दाण्याएवढा. क्रिकेटच्या टीममधल्या एका दांडग्या पोराची एक दाढ अजून दुधाची, कारण खालून दुसरी आलीच नव्हती, आणि सगळे त्याला दुधाची बाटली आणून देऊ का म्हणून चिडवत होते. सुलू हसत होती आणि तिचा हात मांडीवर होता. तिला आनंद कशाचा झाला होता हे मला समजलं. दात मिळाले नव्हते. आपण काही लपवत नव्हतो, हे कुणीतरी शहाण्या माणसाने मान्य केलं होतं.

घरी मात्र तो आनंद टिकला नाही. डॉक्टर म्हणाली होती की हे घराण्यात चालत येतं. बापू एकदम उठले. "आमच्या घराण्यात असलं काही नाही. शोभाच्या माहेरी बघा." शोभाने मान खाली घातली. तिचे सगळे दात मोत्यासारखे होते. बापूंच्या मिशीखाली डावीकडे एक दात बारीक, सुईसारखा होता. मी त्यांना दोन नाटकांत रंगवलं होतं, मला माहीत होतं. पण रंगवणाऱ्याने चेहऱ्यावर काय पाहिलं ते बाहेर बोलायचं नसतं, हा आमच्याकडचा जुना नियम.

सिंहस्थाच्या वर्षी, ब्याण्णवला, सुलूने फ्रीगंजाच्या बाजारात घड्याळाच्या टॉवरजवळ एसटीडीचा बूथ घेतला. तेव्हा असे बूथ जिथे-तिथे उघडत होते. पिवळी पाटी, काचेची खोली, आत फोन आणि भिंतीवर लाल आकड्यांचं मीटर. सिंहस्थात रांग टॉवरपर्यंत जायची. क्षिप्रेच्या राम घाटावरचे पंडे यजमानांना फोन करायला यायचे, खेड्यातल्या बायका पोहोचलो एवढंच सांगायला यायच्या आणि रिसीव्हर उलटा धरायच्या. सुलू सगळ्यांना नंबर लावून द्यायची. समोरच्या टीव्हीच्या दुकानात केबल चालू असायची आणि त्यात टूथपेस्टची बाई दिवसभर बत्तीस दात दाखवत असायची. सुलू म्हणायची, "अक्का, ही बाई माझ्या नशिबी आहे. चॅनेल बदललं तरी येते."

मंदार टोकेकर त्याच टीव्हीच्या दुकानात यायचा. इंदूरचा मुलगा, एका नव्या कंपनीचा प्रतिनिधी, मोटरसायकल, टाय, बोलणं गोड. त्याने बूथवरून कंपनीला फोन करता करता सुलूला पाहिलं आणि रीतसर स्थळ पाठवलं. बापूंना हर्ष झाला. टोकेकर म्हणजे घराणं. पत्रिका जुळली. दाखवण्याचा कार्यक्रम झाला. त्यात सुलूने हातात बशी धरून खाली बघत उत्तरं दिली. मंदारच्या आईला वाटलं मुलगी लाजाळू आहे. तिला ते आवडलं.

त्यानंतर मुलामुलीला दोन शब्द बोलू द्यावेत असं ठरलं. काळ तेवढा बदलला होता. पण बदललेला काळ बापूंना स्वतःच्या घरात नको होता, म्हणून दोघांना माझ्या ओसरीवर बसवलं. मी राखणीला मटार सोलत बसले होते.

सुलूने प्रस्तावना केली नाही. "तुम्हाला एक दाखवायचंय," म्हणाली आणि बोटाने ओठ वर केला.

मंदार पुढे वाकला. "पडलात का कधी?"

"नाही. आलेच नाहीत. जन्मापासून नाहीत. पुढे मुलांनाही होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणते. तुम्हाला आधी कळलेलं बरं."

तो मोकळा हसला. "बस, एवढीच बात? मला वाटलं दुसरा कोणी मुलगा-बिलगा आहे. माझा तर जीवच गेला."

सुलूचा चेहरा असा उजळला की मी मटार सोलायची थांबले. मी विचारलं, "आणि आईला?"

"आईला मी सांगतो ना, अक्का. तिला टाइम बघून सांगावं लागतं. तिचा पारा तुम्हाला माहीत नाही." मग सुलूकडे वळून, "तोपर्यंत तुम्ही दोन दात बसवून घ्या. लग्नाच्या शूटिंगमध्ये छान दिसेल. पण आईला तुम्ही नका सांगू. माझ्या तोंडून गेलं पाहिजे."

ती त्याच संध्याकाळी आईवडिलांना म्हणाली, मी मंदारना सांगितलं, त्यांना चालतंय, ते आईला सांगणार आहेत. बापू म्हणाले, "सांगितलंस? बरं. आता परत विषय काढू नको." हे मी स्वतः ऐकलं, कारण उरलेले मटार द्यायला मी त्यांच्या दारात उभी होते.

ऋचाने तोपर्यंत फ्रीगंजात स्वतःचा दवाखाना टाकला होता. तिने सुलूला काढता-घालता येणारी प्लेट करून दिली. टाळूला चिकटून बसणारी गुलाबी पट्टी, तिला दोन दात आणि बाजूला तारेचे आकडे. पक्के दात बसवायला शेजारचे चांगले दात घासावे लागले असते, ते लग्नानंतर शांतपणे ठरवू, असं तिचं म्हणणं. तिने बजावलं, "पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. पेरू नाही, ऊस नाही. ही प्लेट दाखवायला आहे, ओढाताणीला नाही."

लग्न फ्रीगंजातल्या एका कार्यालयात होतं. आदल्या दिवशी सीमांतपूजन. इंदूरहून दोन बस भरून माणसं आली. व्हिडिओवाला आला, त्याचा दिवा एवढा प्रखर की मला आमचा पेट्रोमॅक्सचा काळ आठवला आणि डोळ्यांत पाणी आलं, प्रकाशानं की आठवणीनं ते ठाऊक नाही. पूजा झाली, पानसुपारी झाली. आणि मंदारच्या आईच्या मनात आलं की विडा आत्ताच तोडून घ्यावा.

आमच्याकडे हा खेळ खरं तर लग्न लागल्यावर असतो. नवऱ्याने विड्याची सुरळी दातात धरायची, अर्धी बाहेर ठेवायची. नवरीने ती अर्धी आपल्या दातांनी तोडून घ्यायची. बायका भोवती गोळा होतात, चिडवतात, नवरा मान मागे घेतो, नवरी पुढे जाते. पण उद्या मुहूर्त संध्याकाळचा, मग वरातीची घाई, शूटिंगला वेळ कुठे मिळणार. म्हणून आत्ता.

सुलूने मंदारकडे पाहिलं. मी तिच्या मागेच होते. ती हळू म्हणाली, "आईंना सांगितलंत ना?"

मंदारने मान डोलावली. हो, अशी. स्वच्छ. शेवटच्या रांगेतूनही दिसली असती.

त्या एका मानेवर सुलू निर्धास्त झाली. सासूला ठाऊक आहे, मग आकडा सुटला तरी काय, हसतील आणि सोडून देतील. मंदारने विडा दातात धरला. बायका ओरडल्या, "सोडू नकोस रे, इंदूरची इज्जत आहे." सुलूने पुढे होऊन विडा दाताच्या कडेला धरला. तिला हळूच तोडू दिला असता तर निभावलं असतं. पण मंदारने खेळाच्या भरात मान झटक्याने मागे ओढली, आणि विड्याबरोबर प्लेट बाहेर आली. गुलाबी पट्टी, दोन पांढरे दात, तारेचे आकडे, विड्याला लटकलेले, मंदारच्या तोंडासमोर. दिवा त्यावर रोखलेला.

आधी हसणं झालं. कुणाला वाटलं गंमत आहे. मग मंदारने थुंकून ते पाटावर टाकलं आणि हसणं बंद झालं.

मंदारची आई पुढे आली. पाटाकडे बघितलं, सुलूकडे बघितलं. "हे काय आहे?"

सुलूने मंदारकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी प्रॉम्प्टरचं कामही केलेलं आहे. नटाची ओळ अडली की विंगेत उभ्या माणसाच्या घशात ती कशी अडकते, ते मला ठाऊक आहे. त्याने म्हणायची ओळ तीन शब्दांची होती: मला माहीत होतं.

मंदार म्हणाला, "मला काय माहीत?"

आम्हाला आतल्या खोलीत नेलं. नेलं म्हणजे, मंदारची आई गेली आणि मागून सगळे गेलो. ती खुर्चीवर बसली, बापू उभे. "फसवलंत आम्हाला," ती म्हणाली. "दुकानातला डबा उघडून बघता येतो, मुलीचं तोंड उघडून बघायला आम्ही काय बैलबाजारात आलो होतो?"

मी म्हटलं, "वहिनी, मुलीने सांगितलं होतं. माझ्या ओसरीवर सांगितलं. मी तिथे होते."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही नाटकातल्या ना? रडायचं ठरलं की रडता, हसायचं ठरलं की हसता. तुमचं काय खरं धरू?"

मला याचं वाईट वाटलं नाही. हे मी आयुष्यभर ऐकत आले. मी बापूंकडे पाहिलं. त्यांचं कुणी असं म्हणू शकलं नसतं. खजिन्यावरच्या माणसांचा वंशज, पार्सल ऑफिसात पस्तीस वर्षं एक खोकं इकडचं तिकडे झालं नाही असा माणूस. त्यांनी म्हणायचं होतं, पोरगी खरं बोलते आहे.

बापूंनी टोपी काढून हातात घेतली. "चुकलं आमचं," ते म्हणाले. "पोरीने लपवलं. भीतीपोटी लपवलं. लहान आहे. पदरात घ्या."

मी बाजू मांडायची तर त्यांची मांडू शकते. बाहेर दोन बसचे पाहुणे, आचारी शेगडीवर, उद्याचा मुहूर्त. त्यांच्या हिशेबाने एका वाक्यात पोरीचा संसार वाचत होता. वाक्य खोटं होतं, पण त्यांना ते स्वस्त वाटलं, कारण ते सुलूच्या नावावर पडणार होतं. शोभा दाराशी उभी होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

सुलू वडिलांकडे बघत होती. मंदार "मला काय माहीत" म्हणाला तेव्हा ती लाल झाली होती. आता तिचा रंग उतरला.

मंदारच्या आईचा पारा थोडा खाली आला. वडील हात जोडत होते, तिला तेवढं पुरत आलं होतं. ती म्हणाली, "ठीक आहे. मुलीने बाहेर सगळ्यांसमोर माझ्या पाया पडावं आणि चुकलं म्हणावं. उद्याचं लग्न लागेल."

बापूंनी सुटकेचा श्वास टाकला. "म्हणेल ना. का नाही म्हणणार?"

सुलू म्हणाली, "मला आधी मंदारशी बोलायचंय."

मंदार मागच्या जिन्यापाशी उभा होता. मी सुलूबरोबर गेले. तिने माझं मनगट धरलं होतं.

"असं कशाला केलंत?" ती म्हणाली.

"अगं, सगळे बघत होते. आईचा चेहरा बघितला नाहीस तू? एकदम तोंडातून निघून गेलं." तो पहिल्यांदा तिला एकेरीत बोलत होता. "तू सॉरी म्हणून टाक. उद्या फेरे झाले की बात खतम."

"तुम्ही आत जाऊन त्यांना एवढंच सांगा, मला माहीत होतं. लोकांसमोर नको. त्यांना एकट्यांना बाजूला घ्या."

"आत्ता?"

"आत्ता."

"लग्न होऊ दे ना, यार. मग सांगतो. प्रॉमिस."

"लग्नानंतर तुम्ही त्यांना सांगाल, आणि त्या म्हणतील, मग सून पाया का पडली? खोटं नव्हतं तर चुकलं का म्हणाली?"

मंदारने मागे हॉलकडे पाहिलं. तो म्हणाला, "तू फालतू ताणून राहिलीस. एवढ्याशा गोष्टीसाठी."

मुलगा दुष्ट नव्हता. मी असे नट पुष्कळ पाहिले आहेत. तालमीत उत्तम, आणि पडदा वर गेला की आई पहिल्या रांगेत दिसते आणि ओळच विसरतात. पण तालमीवर कुणी संसार करत नाही.

सुलू परत आली, पाटावरची प्लेट उचलून रुमालात गुंडाळली आणि आतल्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "मी चुकलं म्हणणार नाही. मी सांगितलं होतं." मग शालू न बदलता, तशीच माझ्याबरोबर टेम्पोत बसून माधव नगरात आली. मागे काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. बापूंनी पुन्हा हात जोडले, मंदारच्या आईने मान वळवली, बस इंदूरला गेल्या, जेवण राम घाटावर वाटून टाकलं.

गावाने गोष्टीचा निकाल एका ओळीत लावला. दातांपायी लग्न मोडलं. बूथवर येणाऱ्या बायका नंबर लागेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघायच्या. सुलूने प्लेट घालणं सोडून दिलं. कुणी विचारलंच तर ती शिबिरात ऐकलेलं सांगायची, की पाच-सात टक्के लोकांचं असं असतं, तुमच्याही घरात कुणी असेल, विचारून बघा. दोन-तीन जणी पुढच्या वेळी हळूच येऊन म्हणाल्यासुद्धा, माझ्या पुतण्याचं असंच आहे गं, तुझी डॉक्टर कुठे बसते?

पण घरात ती बापूंना ताट वाढायची आणि बोलायची नाही. बापूंना वाटायचं ती लग्न मोडलं म्हणून रागावली आहे. ते मला म्हणायचे, "अक्का, मी तर वाचवायलाच बघत होतो. तिनेच हट्ट केला." मी म्हटलं, "बापू, तुम्ही एकदा एवढंच म्हणा, की तिने सांगितलं होतं." ते म्हणाले, "आता त्याचा काय उपयोग?" आणि मिशीवर हात फिरवला.

दोन वर्षांनी रतलामच्या अनिलचं स्थळ आलं. शाळेत मास्तर, साधा, जरा अडखळत बोलणारा. आईबरोबर आला. मला शोभाने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. चहा झाला. बापूंनी घसा साफ केला आणि मोठ्या मनाने बोलावं तसं म्हणाले, "या वेळी आम्ही काही झाकून ठेवत नाही हं. मुलीचे दोन दात जन्मतःच नाहीत. आधी सांगून टाकलेलं बरं."

अनिलची आई म्हणाली, "माझ्या भावाला तर एक दात जास्त होता. काय एवढं त्यात."

सगळे हसले. सुलू हसली नाही. तिने ट्रे खाली ठेवला. "बापू, मागच्या वेळीही सांगितलं होतं."

"जाऊ दे ना, सुलू. जुनं कशाला उकरायचं?"

"जुनं नाही. तुम्ही आत्ता बोललात. या वेळी म्हणालात." मग ती अनिलकडे वळली. "मला तुम्ही वाईट वाटत नाही. पण बापू ते एक वाक्य म्हणेपर्यंत मी या घरातून कुठेही लग्न करून जाणार नाही. नाहीतर तुमच्याकडेही मी लपवणारी मुलगी म्हणूनच येईन."

अनिलने आईकडे बघितलं नाही. "आम्ही बाहेर थांबतो," म्हणाला आणि आईला घेऊन ओट्यावर जाऊन बसला.

खोलीत आम्ही चौघं. बापू भिंतीवरच्या पूर्वजांच्या तसबिरीकडे बघत होते. बाहेर अनिलची आई कुणाला तरी रतलामच्या शेवांबद्दल सांगत होती. बापू उठले, टोपी घातली आणि मागच्या दाराने निघून गेले.

तेव्हा शोभा बोलली. आवाज एवढा कमी की मला पुढे वाकावं लागलं. "तिने सांगितलं होतं. मला त्याच दिवशी येऊन सांगितलं होतं तिने. यांच्यासमोर सांगितलं."

सुलू आईकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती आईच्या गळ्यात पडेल. ती म्हणाली, "आई, तू तिथेच उभी होतीस."

शोभाने मान हलवली.

"दाराशी. माझ्यापासून दोन हातांवर."

"हो."

"मग?"

शोभा पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. रंगमंचावर असं मौन आलं की मी मुलांना सांगायची, भरू नका, राहू द्या. त्या दिवशी मात्र ते भरून काढावंसं मला फार वाटलं, आणि मी काही करू शकले नाही. सुलूला दोन वर्षं वाटत होतं की तिला एका माणसाने घरात खोटं पाडलं. आता तिला दोन माणसं दिसली.

थोड्या वेळाने शोभा उठली, पदर खांद्यावरून घेतला आणि ओट्यावर गेली. अनिलच्या आईसमोर उभी राहून तिने तेच पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने, गल्लीत दोघी-तिघी उभ्या होत्या त्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या मुलीने मुलाला आधी सांगितलं होतं. आम्ही गप्प बसलो."

अनिलकडून होकार आला. सुलूने तिचा होकार कळवायला बरेच दिवस घेतले. मग एक अट घातली, की लग्न कचेरीत नोंदवून करायचं. बापूंनी समाजातल्या लोकांना आणून समजूत घालायचा प्रयत्न केला. कन्यादान बापाचा हक्क आहे, असं सगळे म्हणाले. सुलू म्हणाली, "दान करताना माझ्याबद्दल ते काय सांगतील याचा मला भरवसा नाही."

कचेरीत साक्षीदार लागतात. ऋचाने सही केली. मी केली, आणि कारकुनाने माझा व्यवसाय विचारला तेव्हा निवृत्त नटी असं स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या जागेसाठी सुलूने आईला पुढे बोलावलं. शोभाला सही कुठे करायची ते कळेना. सुलूने तिला पेन दिलं, पण हात धरला नाही.

बापू आले होते. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते, शेजारी पेढ्यांचा पुडा. आम्ही बाहेर आलो तसे ते उठले आणि पुडा उघडून सुलूसमोर धरला. त्यांचे ओठ हलले. मी थांबले. मला वाटलं आता ते वाक्य येणार.

"सुखी रहा," बापू म्हणाले.

सुलूने पेढा घेतला, वाकून नमस्कार केला आणि अनिलबरोबर रिक्षात जाऊन बसली.